मगर आणि अकरा बुधी

आमच्या घरात अपूर्वाईच्या म्हणाव्यात अशा दोनच वस्तू होत्या. एक आप्पांचं शिलाई मशीन आणि दुसरी मायची मगर. मशीन रस्त्याकडेच्या खोलीत असे, कारण विसरवाडीत ज्याला धंदा करायचा त्याला रस्त्याकडे तोंड करूनच बसावं लागे. कोंडाईबारीचा घाट उतरून आलेले ट्रक आमच्या दारासमोर थांबत. ड्रायव्हर चहा पीत, फाटलेल्या ताडपत्र्या आणि गाद्यांच्या खोळी आप्पांपुढे टाकत, आणि चहा संपायच्या आत शिवून हव्यात म्हणून घाई करत. मगर आतल्या खोलीत, भाकरीच्या टोपलीच्या वरच्या फळीवर असे. ती म्हणजे हिरव्या जाड पुठ्ठ्याची एक फाइल होती, आत पोलादी पट्टी आणि पट्टीवर तीन कड्या. पट्टीची दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबली की कड्या खट्कन उघडत, कुठलंही पान काढता येई, कुठंही घालता येई, आणि पुन्हा दाबलं की कड्या मिटत. आज स्टेशनरीच्या दुकानात असल्या फायली ढिगाने पडलेल्या असतात. त्या काळी आमच्या पंचक्रोशीत ती एकच होती, आणि शाळेतले मास्तरसुद्धा ती एकदा उघडून बघायला आले होते.

माय सरकारी दवाखान्याची नर्स होती. दवाखाना कसला, एक खोली, एक कपाट आणि एक बाकडं. पण डोंगराकडच्या दहाबारा पाड्यांची बाळंतपणं तिच्या गळ्यात होती आणि ती पायी हिंडून ती करायची. रस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं तेव्हा तिथल्या इंजिनिअर साहेबांची बायको तंबूतच अडली. मायने तिला सोडवलं. साहेबांनी लुगडं देऊ केलं, मायने ते नाकारलं आणि त्यांच्या टेबलावरच्या या फाइलीकडे बोट दाखवून विचारलं, "अशी एखादी मिळेल का?" साहेबांनी आतले नकाशे काढून घेतले आणि रिकामी फाइल तिच्या हातात ठेवली. घरी आल्यावर आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली, अंगठे दाबले आणि बोंब मारली. "हाई मगर शे मगर! बोट खाई गयी मन्हं!" तेव्हापासून तिचं नाव मगर. बोट चावलं तरी आप्पांचा तिच्यावर जीव जडला. कड्यांना ते मशीनचं तेल घालत. भोकं पाडायचं यंत्र काही साहेबांनी दिलं नव्हतं, म्हणून पट्ट्याला भोकं पाडायच्या हत्याराने, पुठ्ठ्याचा एक नमुना करून, ते एका मापात भोकं पाडून देत. शिंप्याचं काम ते. पान फाटू नये म्हणून प्रत्येक भोकाभोवती कापडाची गोल चकती खळीने चिकटवत. त्यांच्याइतकी मायाळू भोकं मी पुढे नोकरीत कुठल्याही कचेरीत पाहिली नाहीत.

मायला ती फाइल का हवी होती हे मला फार उशिरा कळलं. सरकारी नोंदवही शिवलेली असे. पहिल्या पानावर या वहीत इतकी पाने आहेत असा दाखला, त्यावर सही, शिक्का. त्यात बाळंतपणं तारखेने लिहायची. एखादी बाई तीन वर्षांनी पुन्हा पोटुशी राहिली की तिचं मागचं काय झालं ते कुठल्या तरी जुन्या वहीत, कपाटाच्या तळाशी. मायने ठरवलं, एक बाई, एक पान. ती बाई असेतोवर ते पान. पानं लावायची ती पायवाटेने, म्हणजे वाटेत जो पाडा आधी लागतो तो आधी. कोणी ऊसतोडीला गुजरातेत गेली की तिचं पान मागे जाई, परत आली की पुन्हा आपल्या पाड्यात. त्यामुळे माय निघायच्या आधी मगर उघडून भराभर पानं चाळी आणि आज कोणाकोणाच्या दारात थांबायचं ते मनात घेऊन बाहेर पडे. एकदा तपासणीला आलेले एक डॉक्टर म्हणाले, "बाई, सुट्या पानांना काही अर्थ नाही. उद्या कोणीही पान काढून घेईल." माय त्यांना म्हणाली, "साहेब, माझ्या पानांवर चोरण्यासारखं काय आहे?" साहेब हसले आणि सरकारी वहीवर सही करून गेले. ते अगदीच चुकले नव्हते. पान चोरायला कोणी येणार नव्हतं, पण घरात मी होते.

मी त्या वर्षी सातवीत होते आणि माझं अक्षर चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, ते चांगलं आहे हे मला कोणीतरी सांगितलेलं होतं, आणि त्याने डोक्यात जी हवा जाते ती गेली होती. मास्तर माझी वही वर्गात फिरवत. मायचं अक्षर मात्र बघवत नसे. ती जांभळ्या पेन्सिलीने लिही, ती जिभेला लावून. घामाने ती पसरे, आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात तर काय काय गिचमिड असे. ठिपके, रेघा, कुठे झाडासारखं काही, कुठे किड्यासारखं. पेन्सिलीला टोक आलं का ते ती तिथे बघत असावी, असा माझा समज. विचारलं मात्र कधी नाही. ज्याचं अक्षर चांगलं त्याला विचारायची गरज काय!

पावसाळा सरल्यावर मायला दहा दिवस कसल्याशा प्रशिक्षणाला धुळ्याला बोलावलं. ती गेल्यावर घरात कळण्याची भाकर आणि आप्पांची शेंगदाण्याची चटणी, सकाळ-संध्याकाळ तेच. आप्पा शिवत बसले की मी एकटी. मला सुचलं की माय येईपर्यंत मगरीतली सगळी पानं सुंदर करून ठेवावीत. तिला केवढा आनंद होईल. आप्पांकडून कोरे कागद मापात कापून घेतले, त्यांनी भोकं पाडली, चकत्या चिकटवल्या, आणि मी शाळेतल्या निळ्या शाईने एकेक पान उतरवायला बसले. चौसष्ट पानं. नाव, पाडा, मागची बाळंतपणं, काय झालं, काय जपायचं, सगळं जसंच्या तसं. कोपऱ्यातली गिचमिड तेवढी सोडली. आणि पायवाटेचा क्रम मला कुठे ठाऊक होता, मी पानं नावाच्या पहिल्या अक्षराने लावली, शाळेतल्या हजेरीसारखी. तेव्हा गंमत दिसली. बुधवारी जन्मली ती बुधी, सोमवारी जन्मली ती सोमी, असा डोंगरातला नामकरणाचा सरळ कारभार. ब खाली बुध्या एकामागून एक येऊ लागल्या. मोजल्या तर अकरा. मी पळत जाऊन आप्पांना सांगितलं, "मगरना पोटमा अकरा बुधी शेतस!" आप्पा पोट धरून हसले. नवऱ्याचं नाव बायका तोंडाने घेत नसत, त्यामुळे नुसतीच बुधी. त्यातल्या तीन तर एकट्या वडपाड्याच्या. जुनी पानं मी चुलीत घालणार होते, पण आप्पा म्हणाले, "सुमा, जुना पानं फेकू नको व. माले नमुना कापाले व्हतीन." त्या एका वाक्याबद्दल मी आप्पांची आजही ऋणी आहे.

माय आली ती ताप घेऊन. मुदतीचा ताप होता. मगर बघणं दूरच, पहिले काही दिवस तिला मी कोण तेही कळत नव्हतं. आप्पा मशीन बंद ठेवून तिच्या उशाशी बसत, आणि मशीनचा आवाज नाही म्हणून मला ते घर परक्याचं वाटे. दवाखान्यात बदलीवर एक बाई आल्या. नाशिककडच्या, शुद्ध बोलणाऱ्या, कामाला चोख. त्यांना डोंगर नवा, बोली नवी. आप्पांनी त्यांच्या हातात मगर दिली. त्यांनी ती उघडली, दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "किती सुरेख लिहिलंय हो! हे असं असेल तर मला काहीच अडचण नाही." मी दाराआड उभी होते. त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आठवड्याभराने त्यांना ते पान सापडलं. बुधी, वडपाडा. मागच्या वेळी मूल झाल्यावर वार अडकली, रक्त फार गेलं, दोन दिवस शुद्ध नव्हती. आता घरी बाळंत करू नये, दिवस भरत आले की नवापूरला न्यावं. आणि मायने धरलेला महिना तोच होता. बदलीच्या बाई लाकडाच्या ट्रकमधून सकाळीच वडपाड्याला गेल्या आणि दुपारी बुधीला घेऊन उतरल्या. नवापूरची बस यायला अवकाश होता, म्हणून तिला आमच्या ओट्यावर बसवलं. मी पाणी दिलं, भाकर दिली. बुधी मोठी आनंदी बाई. एवढं पोट घेऊन ती रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रककडे मान वळवून बघत होती. दवाखान्यात चाललेल्या बाईच्या चेहऱ्यावर जी धास्ती असते तिचा मागमूस नव्हता. मी तिला धीर द्यायच्या मोठेपणाने म्हटलं, "भ्याऊ नको. मांगला येळले तुन्ही वार अडकनी व्हती, पण आते तठे डॉक्टर शेतस."

"मन्ही?" बुधी म्हणाली. "नही व. माले चार पोरं शेतस. एक बी येळले तरास नही."

"मंग तू बाईसंगे कसाले ऊनी?"

तिने पदर तोंडावर घेतला. "ती बाईनी इचारं, बुधी कोन शे? मी सांगं, मी शे. मोटारमा बसानं व्हतं व माले."

मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं. ही बुधी ती बुधी नव्हे. मी धावत जाऊन बदलीच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, दवाखान्यात जायचं टाळायला या सगळ्या असंच सांगतात. पानावर स्पष्ट लिहिलंय ना, वडपाड्याची बुधी, दिवस भरलेली? ही वडपाड्याची आहे, बुधी आहे, दिवस भरलेले आहेत. एवढ्या नीट लिहिलेल्या पानावर विश्वास ठेवायचा की हिच्या बोलण्यावर?" त्यांचं काय चुकलं? माझं अक्षरच त्यांना खोटं सांगत होतं. मी त्यांच्याकडची मगर उचलून घरात आले, ती उघडली, वडपाड्याच्या तिन्ही बुध्यांची पानं काढून शेजारी मांडली. तीन पानं, तीन बुध्या, एकसारखं गोंडस निळं अक्षर, आणि कुठली कोण हे सांगणारी एक खूण नाही. खोलीत माय ग्लानीत पडलेली. मी तिच्या कानाशी गेले. "माय, वडपाडानी बुधी, वार अडकेल, ती कोनती?" मायचे ओठ हलले. "हात देख," ती म्हणाली. "हात देख तिना." आणि पुन्हा डोळे मिटले.

बाहेर बुधी भाकरीचा शेवटचा तुकडा पुसून खात होती. मी तिचा हात बघितला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. एक झाड, त्याला दोन्ही बाजूंनी फांद्या, खाली आडवी रेघ. हे झाड मी पाहिलं होतं, जांभळ्या पेन्सिलीत, पानाच्या उजव्या कोपऱ्यात. मग मला सगळं एकदम कळलं. ज्या बायकांची नावं सारखी, ज्या नवऱ्याचं नाव सांगत नाहीत, त्यांना माय त्यांच्या गोंदणावरून ओळखत होती. ती गिचमिड नव्हतीच. तीच खरी नावं होती, आणि मी चौसष्ट बायकांची नावं पुसली होती.

जुन्या पानांतून कापलेले आप्पांचे कागदी नमुने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले असत. मी तो सगळा गठ्ठा खाली ओढला. आप्पा काय झालं काय झालं म्हणत आले, मी रडत रडत सांगितलं, आणि तेही माझ्याबरोबर जमिनीवर बसून शोधू लागले. बाह्या, गळे, चोळीच्या पाठी, कुठे सोमीचं अर्धं बाळंतपण, कुठे नुसतंच "जपावे". बसचा भोंगा वाजला तेव्हा आप्पांच्या हातात एक झबल्याचा पुढचा भाग होता. त्यावर जांभळ्या अक्षरांत "वार अडकली" एवढं होतं. गळ्याच्या कापात कोपरा निम्मा गेला होता. राहिलेल्या निम्म्यात एका किड्याचं डोकं, दोन नांग्या, आणि खाली पाच ठिपके. आप्पा तो कागद घेऊन बाहेर धावले आणि बसच्या पायरीवर एक पाय ठेवलेल्या बुधीसमोर त्यांनी तो धरला. बुधीला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिने तो कागद पाहिला मात्र, आणि वाचला.

"हाऊ तं इच्चू," ती म्हणाली. "हाई नालावरली बुधी. ती बाईले देखीसन मोहना झाडेसमा पळी गयी."

बदलीच्या बाईंनी कागद घेतला, बुधीच्या हातावरचं झाड पाहिलं, आणि बसला जायला सांगितलं. हा त्यांचा मोठेपणा मी विसरलेले नाही. दुसऱ्या कोणी आपली चूक रेटून नेली असती. लाकडाचा ट्रक दुसऱ्या फेरीला निघतच होता. त्यात बाई चढल्या, मी चढले, आणि आमची आनंदी बुधीही चढली, कारण वाट तिलाच दाखवायची होती. दुसऱ्यांदा मोटार मिळाली म्हणून ती खूश, आणि मी ट्रकच्या फळीला धरून देवाला नाही नाही ते कबूल करत होते. वडपाड्याला पोचलो तर नाल्यावरची बुधी आपल्या झोपडीत खांबाला धरून उभी. कळा सुरू झालेल्या. बाईंना पाहून तिने मान फिरवली. नवापूरच्या दवाखान्यात नेलेली तिची बहीण जिवंत परत आली नव्हती, हे नंतर कळलं. तिला कोणी समजावलं? बदलीच्या बाईंची भाषा तिला कळेना, माझ्यासारख्या पोरीचं ती ऐकेना. आनंदी बुधीच पुढे झाली. ती तिच्याशी त्यांच्या बोलीत भराभर बोलली, मध्येच हाताने ट्रकचं चाक कसं फिरतं ते करून दाखवलं, आणि शेवटी तिचा हात धरून सरळ चालू लागली. नाल्यावरची बुधी तिच्यामागून आली. गवताच्या पेंढ्यांवर तिला निजवून ट्रक सावकाश, फार सावकाश नवापूरला नेला. दिवस मावळायच्या आत पोचलो. मुलगी झाली. वार पुन्हा अडकली, रक्त पुन्हा गेलं, पण या वेळी तिथे डॉक्टर होते, सलाइनची बाटली होती, आणि भोवती धावपळ करणारी माणसं होती. बुधी जगली.

माय उठून बसू लागली तेव्हा मीच मगर तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मार बसेल असं वाटलं होतं, बसला असता तर बरं झालं असतं. तिने एकेक पान उलटलं, सगळी चौसष्ट. मग म्हणाली, "अक्षर चांगलं शे तुन्हं." आणि मगर मिटत, "चूक मन्ही बी शे. खूण कसानी शे ते मी कोनले सांगं नही." माझ्यावर रागवायचं सोडून तिने अर्धी चूक आपल्याकडे घेतली. मी पुढे तीस वर्षं कचेरीत लोकांचे कागद सांभाळले. हाताखालच्या पोरांनी काही घोटाळा केला की मला आधी मायचं ते वाक्य आठवे, आणि मग माझा आवाज खाली येई. माझ्याकडे जो काही चांगुलपणा आहे असं लोक म्हणतात, तो असा दुसऱ्यांनी दिलेला आहे.

अंगात बळ आल्यावर माय मला घेऊन पाड्यांवर निघाली. मगर माझ्या डोक्यावर. दारोदार बायका हात पुढे करत आणि मी मायच्या जांभळ्या पेन्सिलीने कोपऱ्यात गोंदण उतरवी. आमच्या हातावर काय आहे ते सरकारला कशाला हवं, असं एकदोघींनी विचारलं, पण हात सगळ्यांनी दिला. आनंदी बुधीने तर दोन्ही हात दिले आणि झाडाची एक फांदी चुकली म्हणून मला पुन्हा काढायला लावली. वडपाड्यात शेवटी नाल्यावरच्या बुधीचं घर. ती लेकीला घेऊन उंबऱ्यात बसली होती, अजून पिवळी दिसत होती. माय मला म्हणाली, "सांग तिले. तूच सांग."

मी सांगितलं. "मी तुन्हं पान नवं लिखं. तुन्हा हातवरला इच्चू लिखा नही. म्हनीसन बाई दुसरीले लई गयी. तू मरी जाती." बुधी माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही, रागावली नाही. मी काय केलं ते मला कळलं का, एवढंच बघत असावी. मायने पान काढून गुडघ्यावर धरलं आणि हात दाखव म्हणाली. विंचू बुधीच्या डाव्या हातावर होता, आणि त्या हातावर बाळाचं डोकं होतं. हात मोकळा करायचा तर बाळ कोणाकडे तरी द्यायला हवं होतं. माय शेजारीच बसली होती, आयुष्यभर बाळं झेललेली. बुधीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती पुढे वाकली, "धर" म्हणाली, आणि लेक माझ्या मांडीवर ठेवली.

ती पानं अजून माझ्याकडे आहेत. अकरा बुध्यांपैकी दहा जणींचं गोंदण मी काढलेलं आहे. नाल्यावरच्या बुधीचा विंचू तेवढा मायच्या हातचा आहे, कारण तेव्हा माझे दोन्ही हात भरलेले होते.